धनिणीची बोटं

दर्यापूर
१२ ऑगस्ट २०२४

चि. आरती,

पत्र पाहून दचकू नको. कोणी गेलं नाही, कोणी आजारी नाही. तुझे मोठेबाबा ठणठणीत आहेत आणि दोन्ही वेळा पोटभर जेवून तिसऱ्या वेळी काय आहे म्हणून विचारतात. पत्र अशासाठी की घरात फोन एकच, तो यांच्या बंडीच्या खिशात, आणि कोणाचाही आला तरी साऱ्या गल्लीला ऐकू जाईल एवढा आवाज मोठा करून बोलतात. मला जे विचारायचं आहे ते गल्लीला ऐकवायचं नाही. यांना तर नाहीच नाही.

तुझी ‘धुक्यातली धनीण’ आम्ही रोज पाहतो. जेवणं झाली की हे टीव्हीसमोर खुर्ची ओढतात, दिवा मालवतात आणि मालिकेतल्या माणसांना ओरडून सांगतात, “अबे, तिकडं नको जाऊ, ते तिथंच उभी हाय!” भुतांचं त्यांना पहिल्यापासून वेड. एवढा संशयी माणूस, दूधवाल्यावर विश्वास नाही, पण भुतावर आहे. मी आपली शेंगा सोलत बाजूला बसते. तुझं नाव शेवटी भर्रकन जातं, ते वाचायला म्हणून.

गेल्या गुरुवारच्या भागात ती धनीण बंगल्याच्या स्वयंपाकघरात येते. तोंड तर तुम्ही तिचं कधीच दाखवत नाही, नुसते केस आणि हात. ती परात घेते, कणीक मळते, गोळा ठेवून निघून जाते, आणि सकाळी मोलकरीण तो गोळा पाहून किंचाळते. बरोबर ना?

आता खरं सांग. ते कोणी सुचवलं? तू? की तुझ्या बाबानं तुला आमच्या घरातलं काही सांगितलं? माझ्या या धाकट्या दिराच्या पोटात काही राहत नाही हे मी त्याच्या लग्नाआधीपासून पाहते आहे. मी कशाबद्दल म्हणते हे तुला ठाऊक असेल तर कळेलच. नसेल तर कोणी सुचवलं एवढंच लिही. मला राग आला असं नाही, पण त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

आणि एक. एरवी मालिका संपेपर्यंत बडबडणारे तुझे मोठेबाबा त्या कणकेपाशी एकदम गप्प झाले, उठले आणि गुरांकडे गेले. कंटाळले असतील. पण भुताच्या मालिकेला ते कधी कंटाळत नाहीत.

उत्तर घरी पाठवू नको. समोरच्या कुलसुमबी शिवणकाम करतात, त्यांच्या पत्त्यावर पाठव. कोणी विचारलंच तर ब्लाऊजच्या नमुन्याचे कागद येतात, असं आम्ही दोघींनी ठरवलं आहे.

तुझी
मोठीआई

*

चिखलदरा
१९ ऑगस्ट २०२४

मोठीआई,

नमस्कार करते, पण रागावूनच करते. मी आपल्या घरातलं मालिकेला विकलं, असंच म्हणायचं आहे ना तुला? स्पष्ट लिहिलं असतंस तरी चाललं असतं.

तू कशाबद्दल बोलतेस ते मला कळलं, असं मी समजते. या मालिकेतल्या धनिणीला तिच्या बापानं घराबाहेर काढलेलं असतं, आणि तुला वाटतं ही तुझ्या लेकीची, बेबीताईची गोष्ट आहे. मोठीआई, ती गोष्ट मी लिहिलेली नाही. लिहिणारे तिघं आहेत, तिघंही मुंबईचे, त्यांना दर्यापूर कोणत्या दिशेला आहे तेही माहीत नाही. आणि बेबीताईबद्दल मला असं माहीत तरी काय आहे? ती गेली तेव्हा मी पहिलीत होते. घरात एकदम खूप माणसं जेवायला आली, कोणी रडत नव्हतं, मी विचारलं की ताई मेली तर तिचा हार घातलेला फोटो कुठं आहे, आणि बाबांनी माझ्या पाठीत धपाटा घातला. पुढे मोठी झाल्यावर कळलं की ती दुसऱ्या जातीतल्या मुलाबरोबर निघून गेली होती आणि मोठेबाबांनी जिवंतपणी तिची तेरवी घातली. तुमच्या घरी तिचं नाव घ्यायचं नाही हे मला कोणी शिकवलं नाही, पण मी कधी घेतलं नाही. मग मालिकेत कशाला घेईन?

माझं काम काय ते ऐक. शॉट संपला की कोणाच्या कोणत्या हातात काय होतं, पदर कोणत्या खांद्यावर होता, परात कुठं होती याचे फोटो काढून ठेवायचे, म्हणजे पुढच्या शॉटमध्ये गोंधळ होत नाही. कणकेच्या प्रसंगात कागदावर एवढंच होतं की धनीण कणीक मळते आणि नाहीशी होते. मळून झाल्यावर तिनं गोळ्यावर बोटं दाबली. दिग्दर्शक साहेब म्हणाले, हे काय? पण दिसायला भीतिदायक दिसत होतं म्हणून त्यांनी ते तसंच ठेवलं. एवढीच कथा.

आता मी विचारते. हे पत्र तू स्वतःहून लिहिलंस, की मोठेबाबांनी लिहून घेतलं? कारण मागच्या रविवारी त्यांचा मला फोन आला होता. आजवर त्यांनी मला कधी फोन केलेला नाही. इथे नेटवर्क एका दगडावर चढल्यावर मिळतं, तिथं मी धुक्यात उभी, आणि ते विचारतात, “तुमच्या त्या कंपनीत अकोल्याकडचं कोणी हाय का?” मी म्हटलं, काहून? तर म्हणाले, “सहज.” मोठेबाबा सहज काही विचारतात का, तूच सांग.

आरती

*

दर्यापूर
२७ ऑगस्ट २०२४

चि. आरती,

तुझ्यावर संशय घेतला, तो मागे घेतला. तू रागावलीस ते बरं केलंस, खोटं बोलणारी पोर एवढी रागावत नाही.

पण त्यांच्या फोनचं मी दोनदा वाचलं. त्यांनी अकोल्याचं विचारलं? नीट आठव, आणखी काय विचारलं? तू काय सांगितलंस? यापुढे त्यांचा फोन आला तर काही सांगू नको. नेटवर्क गेलं म्हण आणि दगडावरून खाली उतर.

आता सांगते. मालिकेतल्या बापाशी मला काही देणंघेणं नाही. मला त्या बोटांबद्दल विचारायचं होतं.

कणीक मळून ठेवायची झाली की तिच्यावर बोटं उमटवायची, ही रीत तू तुझ्या आईला करताना पाहिली असशील. गोल गुळगुळीत गोळा पिंडासारखा दिसतो, पितर तो आपलाच समजून येतात. बोटं टेकवली की तो जिवंत माणसांचा झाला. म्हणून तर मी चक्रावले. भूत कशाला बोटं टेकवेल? भुताला तर गोळा गुळगुळीतच हवा! तुमच्या त्या मुंबईच्या तिघांना हे कळलं नाही, पण इकडे ज्या बाईनं आयुष्यभर कणीक मळली तिला ते लगेच दिसणार.

आणि नुसती बोटं असती तर मी शेंगा सोलत राहिले असते. माझ्या उजव्या हाताच्या करंगळीशेजारचं बोट तू पाहिलं आहेस. लग्नाच्या पुढच्याच वर्षी कडबा कापताना त्याचं वरचं पेर गेलं. त्यामुळे माझ्या कणकेवर दोन बोटं उमटतात, मग मोकळी जागा, मग करंगळी. बेबी माझ्याशेजारी बसून कणीक मळायला शिकली तेव्हा एवढीशी होती. ती आपलं चांगलं बोट दुमडून धरायची आणि माझ्यासारखीच उमटवायची. मी म्हणायची, “अवं, तुह्यं बोट तं साबूत हाय, टेकव ना.” तर म्हणायची, “आपल्या घरची अशीच रीत हाय.” मोठी झाली, शहाणी झाली, अकोल्याला कॉलेजात गेली, तरी ती चुकीची सवय काही गेली नाही.

गुरुवारी टीव्हीवर तशीच उमटली. दोन बोटं, मोकळी जागा, करंगळी.

आरती, ते हात कोणाचे आहेत ते पाहा. तुझ्याकडे फोटो असतील. पण त्या बाईला एक शब्द बोलू नको. मला खोटी आशा नको आहे, आणि ती खरीच असली तर तिला घाबरवायचं नाही. यांना तर वाराही लागता कामा नये. बेबी गेली तेव्हा अंगणात उभं राहून सगळ्यांदेखत म्हणाले होते, “या उंबऱ्यावर पाय ठेवला तं माह्यं मढं पाहीन ते.” हा माणूस बोललेला शब्द फिरवत नाही. हल्ली फोन घेऊन गोठ्यात बसतात. मी हळूच जाऊन पाहिलं, तर तोच भाग, तीच कणीक, पुन्हा पुन्हा लावून पाहत होते. मी गेले तशी फोन खिशात घातला. त्यांनी ओळखलं असेल का? ओळखलं असेल तर कशासाठी पाहत असतील? काठी घेऊन चिखलदऱ्याला निघाले तर मी त्यांना कशी अडवू?

मोठीआई

*

चिखलदरा
४ सप्टेंबर २०२४

मोठीआई,

फोटो पाहिले. मोठे करून पाहिले. दोन बोटं, मोकळी जागा, करंगळी. तुझं पत्र वाचण्याआधी मी तो फोटो कितीदा तरी पाहिला होता आणि मला त्यात काही दिसलं नव्हतं.

ते हात नायिकेचे नाहीत. तिची नखं लांबलचक आहेत आणि कणकेला हात लावायची तिची तयारी नव्हती. म्हणून धनिणीचे हात, पाठ आणि केस दुसऱ्याच बाईचे आहेत. तिला सगळे नंदाताई म्हणतात. चाळिशीच्या पुढची, मुंबईहून युनिटबरोबरच आलेली. ती बेबीताई आहे का, हे मला चेहऱ्यावरून सांगता येत नाही. मला बेबीताईच्या दोन वेण्यांशिवाय काही आठवत नाही. तिचं पूर्ण नाव काय होतं गं? बेबी, बेबी एवढंच ऐकलं आहे.

पण संशयाला जागा खूप आहे. पहिल्या आठवड्यात ती माझ्याशी नीट बोलायची. मग एकदा कोणीतरी मला आडनावानं हाक मारली, “ए गावंडे!” तेव्हापासून ती माझ्यापासून लांब जेवायला बसते. मी बोलायला गेले तर साफ हिंदीत उत्तर देते. आणि परवा चहाचं भांडं कलंडून पायावर सांडलं तर तोंडातून काय निघालं? “अवं माय व!” मुंबईची बाई असं ओरडते का?

पोळ्याच्या दिवशी मी तिची परीक्षा घेतली. आमचा स्वयंपाकी गोवर्धन परतवाड्याचा, तो सणाला घरी गेला म्हणून आम्ही बायकांनीच पोळ्यांचं काम घेतलं. नंदाताई कणीक मळायला बसली. मी दाराआडून पाहत होते. शेवटच्या क्षणी तिनं मान वर केली, तिला मी दिसले, आणि तिनं तळहात फिरवून गोळा गुळगुळीत केला, वर ताट झाकलं. आधी बोटं उमटली होती की नाही ते मला दिसलं नाही. पण काहीतरी असल्याशिवाय कोणी पुसत नाही. म्हणजे तिला कळलं आहे की मला कळलं आहे.

तिचा नवरा इथंच लाईटवर काम करतो. शांत माणूस. ती त्याला देवा म्हणते. बेबीताई ज्याच्याबरोबर गेली तो मुलगा कोण होता, त्याचं नाव तू मला कधी सांगितलं नाहीस.

आणि मोठेबाबांचा पुन्हा फोन आला. मी नेटवर्क गेलं म्हणायच्या आतच त्यांनी विचारलं, “शूटिंग कधी सरते?” माझ्या तोंडून निघून गेलं की ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. मग त्यांनीच फोन ठेवला. मला आता खरंच भीती वाटते.

आरती

*

दर्यापूर
१३ सप्टेंबर २०२४

चि. आरती,

महालक्ष्म्या काल उठल्या, म्हणून उशीर झाला. घरभर पाहुणे, आणि तुझं पत्र तीन दिवस कुलसुमबींच्या मशीनखाली कापडात गुंडाळून पडलेलं. मी दारात जायची, परत यायची. शेवटी कुलसुमबीच मला पुरणाचं ताट पोचवायच्या निमित्तानं बोलावून घेऊन गेल्या.

तिचं नाव बेबीनंदा. पाळण्यातलंच. आणि त्याचं नाव देवीदास. अकोल्याचा, लग्नाच्या कॅसेटी काढायचा.

ती आहे, आरती. जिवंत आहे. मी कुलसुमबींच्या घरी खाली बसले आणि रडले. त्यांनी मशीन जोरात चालवलं, म्हणजे आवाज बाहेर जाऊ नये.

आता तुला एक सांगते, ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. तेरवीच्या दिवशी भटजींनी नकार दिला. जिवंत माणसाचं मी करणार नाही म्हणाले. तेव्हा हे स्वतःच नदीवर निघाले, भाऊकीतले चौघं घेऊन. मला म्हणाले, “कणकेचा पिंड करून दे.” मी दिला. स्वतःच्या पोरीचा पिंड मी या हातांनी वळला. वरून गुळगुळीत केला. पण पानावर ठेवताना खालून बोटं दाबली. ती तीन. म्हणजे तो पिंड झालाच नाही, नुसती कणीक झाली. हे नदीवरून परत आले आणि ओट्यावर बसून म्हणाले, कावळा शिवला नाही. लोक म्हणाले, पोरीची काही इच्छा राहिली असेल. मी आत भांडी घासत होते. मला ठाऊक होतं कावळा का शिवला नाही.

तेव्हापासून दर सर्वपित्रीला हे तिचंही पान गच्चीवर ठेवतात. आणि स्वतः काठी घेऊन शेजारी बसून राहतात. मला वर येऊ देत नाहीत, कोणालाच येऊ देत नाहीत. एकदा कावळा शिवावा आणि विषय संपावा, म्हणून असा पहारा! एवढा कठोर माणूस मी दुसरा पाहिला नाही. आता पितृपक्ष तोंडावर आला. ती जिवंत आहे हे कळल्यावर मी तिच्या पानावरचं अन्न कोणत्या हातानं रांधू, सांग.

तिला इकडे आणू नको. यांच्या डोक्यात काय चाललं आहे ते मला समजत नाही. परवा त्यांनी कुलसुमबींना गाठलं, “एवढे कोणते नमुने येऊन राहिले व?” त्या म्हणाल्या, “भाईसाब, आजकल ब्लाऊज में फॅशन बहुत हो गई है.” हे हूं म्हणाले आणि गेले. त्या हूंची मला भीती वाटते.

तू फक्त तिला एवढं सांग, की तिच्या पिंडाला मी बोटं लावली होती. ती ओळखेल. आणि म्हणावं, आईवर राग नसेल तर एकदा कुठंतरी तशीच बोटं उमटव. राग असेल तर नको उमटवू, तेही मला समजेल. मी रोज समोर बसलेली असते. तुमच्या त्या भुताला घाबरून सारी गल्ली दारं लावते, आणि मी ते कधी येतं म्हणून वाट पाहते.

मोठीआई

*

चिखलदरा
१९ सप्टेंबर २०२४

मोठीआई,

सांगितलं.

ती मेकअपच्या खोलीत केस मोकळे सोडून बसली होती. मी दार लोटलं आणि तुझं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. तिनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. हिंदी एका क्षणात गेली. म्हणाली, “खालून लावले होते का वरून?” मी म्हटलं, खालून. “मंग बाबांले दिसले नसतीन,” एवढंच म्हणाली. मग माझा हात धरला. हात थंडगार होता आणि सोडत नव्हती.

तिनं सगळं विचारलं. तुझे गुडघे, तुळशीजवळचा लिंब, गुरं किती, कुलसुमबी अजून हिशोबापेक्षा मोठे खिसे शिवतात का. शेवटी विचारलं, मालिका आई एकटीच पाहते का? मी म्हटलं, मोठेबाबा एक भाग चुकवत नाहीत. ती उठून खिडकीशी गेली.

मी तिला म्हटलं, परतवाड्यापर्यंत जीपनं जाऊ, पुढे एसटी आहे, तू नुसती कुलसुमबींच्या घरी ये, मोठीआई तिथं येईल. तर म्हणाली, “मेलेल्या माणसानं घरी नसते जायचं आरती. लोकं भेतात.” चेष्टेत म्हणाली, पण हसली नाही. एवढ्या वर्षांत इतकी जवळ ती कधी आली नव्हती. या कामाला ती आधी नाहीच म्हणाली होती, देवीदासभाऊंनी तयार केली. कणकेवर बोटं मुद्दाम उमटवलीस का, असं मी विचारलं. म्हणाली, नाही. परात पुढे आली आणि हातानं आपोआप केलं. मग ते टीव्हीवर दिसणार म्हणून रात्रभर झोपली नाही, आणि काढून टाका असं सांगायलाही गेली नाही.

कालच्या शॉटमध्ये कणीक नव्हती. धनीण खिडकीपलीकडे धुक्यात उभी राहते, एवढंच होतं. ती दिग्दर्शकांना म्हणाली, मी काचेवर हात ठेवते, चांगलं दिसेल. त्यांना आवडलं. हा भाग २६ तारखेला, गुरुवारी आहे. दिवा मालवून पाहा. आणि मोठेबाबांना त्या वेळेला काहीतरी काम लावून दे.

आरती

*

दर्यापूर
२७ सप्टेंबर २०२४

चि. आरती,

या घरात डोळे फक्त आपल्यालाच आहेत, असं तुझ्या मोठ्याआईला वाटतं.

दोन-दोन वर्षं एक ब्लाऊज न शिवणारी बाई एकाएकी नमुने मागवते, आणि नमुने बघायला गेलेली डोळे पुसत परत येते. मी काही विचारलं नाही. कुलसुमबींनाही फार त्रास दिला नाही, त्यांना खोटं बोलायची सवय नाही. तुझीही पत्रं मी उघडलेली नाहीत. गरज पडली नाही. ऑगस्टात ती कणीक पाहिली तेव्हाच मला जे समजायचं ते समजलं. उगाच अकोल्याकडचं कोणी आहे का म्हणून विचारायला मी काय वेडा आहे?

काल ती काच पाहिली. तुझ्या मोठ्याआईनं मला त्याच वेळेला गुरांना पेंड टाकायला पाठवायचा प्रयत्न केला. गुरांना पेंड मी संध्याकाळीच टाकली होती. मी खुर्चीतून उठलो नाही. हात उमटला. ती पदर तोंडात धरून बसली आणि म्हणाली, डोळ्यात कचरा गेला. मी म्हटलं, दिवा लावू का? ती म्हणाली, नका लावू. मलाही लावायचा नव्हता.

आता तुला जे सांगतो ते नीट ऐक. त्या दिवशी नदीवर मी पिंड पानावरून उचलला तेव्हा तळव्याला खड्डे लागले. उलटा करून पाहिला. दोन बोटं, मोकळी जागा, करंगळी. तुझ्या मोठ्याआईचं ते बोट कापलं तेव्हा तिला बैलगाडीत घालून दवाखान्यात मीच नेलं होतं. मला ते ओळखायला चष्मा लागत नाही. परत वळून घरी यावं असं मनात आलं. पण चौघं मागे उभे होते आणि मी गावासमोर बोलून बसलो होतो. मी पिंड ठेवला. भाऊकी रिवाजाप्रमाणे लांब जाऊन पाठ करून उभी राहिली. कावळे आले. आले नाहीत असं नाही, चांगले तीन-चार आले.

पुढे तिला शोधलं का नाही, असं तू विचारशील. नाही शोधलं. बोललेलं गिळता येत नाही, हा माझा स्वभाव आहे, आणि त्याचं काय ते मी माझं पाहीन. तुला पत्रात लिहून देणार नाही.

बुधवारी सर्वपित्री आहे. हे पत्र मी परतवाड्याच्या एसटीच्या कंडक्टरकडे देतो आहे, पोस्टावर माझा विश्वास नाही. मिळाल्याबरोबर तिच्याकडे जा आणि माझ्या शब्दांत सांग. तुमच्यासारखं पुस्तकी करू नको. म्हणावं:

“बेबे, कावळ्याले तवा मीच हाकललं होतं. मंग दरसाली गच्चीवर बसून हाकलून राहिलो. तुह्या पानाले एकदाबी शिवू देल्लं नाही. आता माह्या हातानं काठी नाही उचलत. बुधवारी ये अन् तुह्यं पान तूच खा. देवीदासलेबी आण.”

पान गच्चीवर नाही, घरात पाटावर वाढू. लोक भ्याले तर भिऊ दे, साऱ्या गल्लीनं तिला रोज टीव्हीवर पाहिलंच आहे.

तुझ्या मोठ्याआईला यातलं काही कळवू नको. बुधवारी सकाळी मी तिला इतकंच म्हणणार आहे, कणीक दोन माणसांची जास्त भिजव, आणि या खेपेला बोटं वरून लाव.

पंजाबराव गावंडे